चिकटलेलं पान आणि बिल्ला क्रमांक सदतीस

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा पुस्तकबांधणी, सध्या निवृत्त (म्हणजे दिवसाला फक्त पाच तास काम), याद्वारे लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. कालच समोरच्या दाताच्या डॉक्टरांनी तपासलं. ते दातांचे डॉक्टर आहेत हे मला माहीत आहे. पण मी त्यांना सहा पिढ्यांचे धंदे उलट्या क्रमाने म्हणून दाखवले, तेव्हा ते म्हणाले, "बाइंडरबाई, तुमचं डोकं माझ्यापेक्षा बरं चालतंय. आता तोंड उघडा." हे त्यांचं मत पुरावा म्हणून धरावं.

मला कोणी धमकावलेलं नाही, भुलवलेलं नाही, की गोड बोलून सही घेतलेली नाही. गोड बोलणारं माणूस आमच्या घरात नाहीच. हा कागद लिहिताना मी अधूनमधून खो खो हसत होते, याला माझी वकील भाची साक्षी आहे. तिने दोनदा विचारलं, "मावशी, हे कोर्टात चालेल ना गं?" ज्या कोणाला वाटेल की म्हातारी भ्रमिष्ट झाली होती, त्याने कलम सात वाचावं आणि मग न हसता राहून दाखवावं.

यापूर्वी मी दोन मृत्युपत्रं केली. दोन्ही रद्द समजावीत. त्या दोन्हींत मी स्वतःला पदक मिळवलेल्या माणसाच्या वंशातली म्हटलं आहे. ते खोटं आहे. मुद्दाम केलेलं नव्हे, पण खोटं ते खोटंच. ज्याचं पदक आहे त्याच्या माणसाकडे ते पोचावं, हा या कागदाचा खरा हेतू. घर, भांडी वगैरे ओघाने आली आहेत.

कलम १. घर. तळमजल्याच्या दोन्ही खोल्या माझ्या मुलाला आणि सूनबाईला, दोघांच्या नावे. मुलगा नळदुरुस्ती करतो, तेव्हा मोरीतली ओल त्याने आता तरी काढावी. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या घरचे नळ नीट करतोय आणि आईच्या घरी थेंब थेंब. हे घर मी घेतलं ते आमची आजी म्हणायची "आपली माणसं त्या गल्लीतली" एवढ्याच भरवशावर. आमचे हे म्हणाले होते, "लोक पाणी बघून घर घेतात, तू पूर्वज बघून घेतेस." पाण्याचे हाल आहेत हे मी आता, इतक्या उशिरा, मान्य करते.

अट एकच. दारासमोर लोखंडी खांबाचा गुडघ्याएवढा बुंधा उरला आहे, तो कोणी काढायचा नाही. रस्त्याचं काम करणारे दोनदा कापायला आले होते. पहिल्यांदा मी त्यावर दोन तास बसून राहिले. दुसऱ्यांदा जेवणाचा डबा घेऊन बसले. माझ्यामागे सूनबाईने बसावं. ती शाळेत शिकवते, तिला नुसतं बघूनच माणसं गप्प करता येतात.

कलम २. बँकेत जे असेल ते दोघांना सारखं. यावर शाई घालवत नाही.

कलम ३. अवजारं. लोखंडी प्रेस, कातरी, तिन्ही दाभणं, हाडाची पट्टी, कण्याला ठोकायची हातोडी आणि दोऱ्याची रिळं सूनबाईला. तिचा हात चांगला आहे. शिवण घट्ट येते, फक्त घाई करते. तिला माझी एकच शिकवण: खळ पातळ लाव. पुन्हा लिहिते, खळ पातळ लाव. कागदाला खळ किती लागते हे ज्याला कळलं त्याला अर्धा धंदा कळला. मला हे एकोणिसाव्या वर्षी कळलं नव्हतं, आणि त्यापायी काय झालं ते पुढे येईलच.

कलम ४. चुलतभाऊ. आमच्या आजोबांची पत्र्याची ट्रंक याच्या माळ्यावर होती. तीत पत्रं होती, औषधाच्या चिठ्ठ्या होत्या, आजीच्या हातची धोब्याच्या कपड्यांची यादीसुद्धा होती. मी पूर्वजांचं संशोधन सुरू केलं आणि धावत त्याच्याकडे गेले, तर म्हणतो कसा, "ताई, मागच्याच आठवड्यात रद्दीवाल्याला दिली. सात किलो भरली." वर अभिमानाने सांगतो, "ट्रंक मात्र ठेवलीय हं!" सात किलो! आमचा अख्खा वंश सात किलो भरला. याला मी माझ्या प्रेसजवळचं एक किलोचं लोखंडी वजन देते. रोज उचलून बघावं आणि सहा वेळा अजून उचलावं, म्हणजे हिशोब पुरा होईल. बाकी माझा त्याच्यावर राग नाही. थोडा आहे.

कलम ५. धाकटी बहीण. हिला माझं मोठं भिंग. अकरा वर्षं ही मला ऐकवत आली, "मेल्या म्हशीला मणभर दूध! गेलेल्यांच्या मागे लागलीस, जिवंत माणसांकडे बघत नाहीस." बाई, तुझं बरोबर होतं. भिंग घे आणि माझ्या वतीने तू जिवंत माणसं बघ. काच पुसायला फडकं दिलं आहे, तू पुसायची नाहीस हे माहीत असूनही.

पण तिला आणि सगळ्यांनाच एक सांगून ठेवते, मी हे का केलं. मोठ्या माणसांच्या मागे लिहिणारे असतात. साधा माणूस सरकारी कागदात तीनच वेळा येतो: चुकला तर, आजारी पडला तर आणि भांडला तर. तो जन्मभर नीट वागला, तर त्याचा मागमूसही उरत नाही. म्हणून आपल्या पणजोबाला दंड झालेला सापडला की मला असा काही आनंद होतो म्हणून सांगू! दप्तरखान्यात मी एकदा मोठ्याने ओरडले, "दंड झाला! दंड झाला!" तिथले साहेब चष्मा सावरत आले आणि म्हणाले, "बाई, हळू. आणि पेन आत ठेवा, इथे फक्त पेन्सिल." अकरा वर्षांत त्यांनी मला हे पेनाचं वाक्य किती वेळा ऐकवलं असेल, याची नोंद कुठल्याही रजिस्टरात नाही.

कलम ६. वरच्या मजल्यावरचे टेलरमास्तर. यांचं माझं एकतीस वर्षांचं भांडण आहे आणि ते मी मृत्यूनंतर कोणाच्याही नावे करत नाही, माझ्यासोबतच संपवते. भांडण ओल्या कपड्यांचं. मास्तर आपली दोरी वरच्या कठड्यापासून तिरकी आणून माझ्या दारासमोरच्या बुंध्याला बांधतात. खाली मी बांधलेली पुस्तकं वाळत घालते. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांच्या कांजी केलेल्या अकरा सदऱ्यांचं पाणी एका शाळेच्या बेचाळीस पुस्तकांवर गळलं. पुस्तकं अशी कडक झाली की मुलांनी त्यांच्या भिंती रचल्या असत्या. त्या दिवसापासून आम्ही बोलणं सोडलं आणि चिठ्ठ्या धरल्या. त्यांची चिठ्ठी: "पुस्तके आत वाळवावीत." माझी: "कपडे जमिनीशी काटकोनात वाळवावेत." त्यांचं अक्षर चांगलं आहे, हे मला तेव्हाही कबूल करावं लागलं.

आता माझा गुन्हा. आठ वर्षांपूर्वी मला पणजोबांचं पदक मिळालं (कसं, ते पुढच्या कलमात). फोटो काढून घेतला, पदक चौकटीत बसवून दाराशेजारच्या भिंतीवर लावलं. मास्तर जिन्यावरून उतरताना थांबले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा चिठ्ठी सोडून तोंडाने म्हणाले, "जपा हो बाई. माझ्या कपड्यांचं पाणी लागून गंजायचं."

मी काय म्हणावं? मी म्हणाले, "ज्यांच्या मागे कोणी आहे त्यांना ती काळजी. तुमच्या मागे आहे कोण?"

त्यांनी गळ्यातली टेप नीट केली. "कोणी नाही," म्हणाले. "वडील गेले, आजोबा त्याआधीच गेले. मामाकडे वाढलो. ही वरची खोली तेवढी राहिली, सांगायला माणूस राहिलं नाही. बरोबर आहे तुमचं." आणि निघून गेले. मी जिंकले, असं मला वाटलं. घरात जाऊन चहासुद्धा केला. हे लिहिते, कारण ज्याची चूक त्यानेच नोंद करावी.

कलम ७. बिल्ला क्रमांक सदतीस. सव्वाशे वर्षांपूर्वी या गावात रस्त्यांवर तेलाचे दिवे होते आणि ते लावायला पगारी माणसं होती. त्यांच्या रजिस्टरात नाव एकदाच, कामावर घेताना. पुढे फक्त बिल्ल्याचा नंबर. आमच्या आजीच्या डब्यात पितळेचा बिल्ला होता, ३७. सासऱ्यांचा, म्हणायची. म्हणजे माझे पणजोबा. झालं! मी सदतीसचा पाठलाग सुरू केला. हजेरी, तेलाचं माप, काचा फुटल्याच्या नोंदी. आणि काय माणूस हो! कधी गैरहजर नाही. नदीला मोठा पूर आला त्या दोन संध्याकाळी कमरेएवढ्या पाण्यातून जाऊन चौसष्टच्या चौसष्ट दिवे लावले. वरून पदक मंजूर झालं. आणि पुढे शेरा: "इसम पदक नेण्यास आला नाही." का नाही आला? मी समारंभाची वेळ शोधून काढली. समारंभ संध्याकाळी होता, दिवे लावायच्या वेळी. सदतीस कामावर होता!

मी रडले. तिथेच, दप्तरखान्यात. साहेबांनी रजिस्टर पुढून ओढून घेतलं, पान भिजेल म्हणून.

पदक शंभर वर्षं दप्तरखान्याच्याच कपाटात पडलं होतं. वारस म्हणून मी प्रतिज्ञापत्र केलं आणि ते मिळवलं. निवृत्तीच्या नोंदीत सदतीसचा बाप नावाडी होता असं होतं, म्हणून मी नावाड्यांच्या मागे लागले. चार पिढ्या मागे गेले. एक नावाडी गाईला होडीत घेईना म्हणून गाईच्या मालकाने केलेली तक्रार. एका नावाड्याची विधवा बहीण, जिने भावामागे एकटीने बावीस वर्षं होडी चालवली आणि तीन वेळा दंड भरला, तिन्ही वेळा जास्त माणसं बसवली म्हणून. किती जीव लावला मी या बाईला! साडेनऊ मीटर कापडावर कागद चिकटवून वंशावळ काढली. मुलाला सांगितलं, तुझ्यात नावाड्याचं रक्त आहे, आणि जबरदस्तीने तळ्यातल्या होडीत बसवलं. तो काठापासून दहा हातांवर ओकला. शंका तेव्हाच यायला हवी होती.

दोन वर्षांपूर्वी साहेबांचा निरोप आला. ते दिव्यांचं रजिस्टर कण्यातून सुटलं आहे, पुन्हा बांधून द्याल का? मी उड्या मारत गेले (मनातल्या मनात, गुडघ्यांमुळे). घरी आणलं, कणा उसवला, आणि बाइंडर करतो ते पहिलं काम केलं: पानं मोजली. एकशे अकरानंतर एकशे चौदा. नऊ वर्षं मी हे रजिस्टर वाचत होते आणि मला दिसलं नव्हतं, कारण मी माणूस शोधत होते, पानं मोजत नव्हते. ज्या दिवशी पानं मोजली त्या दिवशी माणूस सापडला.

दोन पानं एकमेकांना चिकटलेली. ओला टिपकागद ठेवला, तासभर थांबले, पातळ सुरीने हलक्या हाताने सोडवली. कडेला वाळलेली जाड खळ, आणि खळीत उमटलेला अंगठा. असा कोण गाढव बाइंडर म्हणून मी शिव्या देत होते. मग कण्याच्या कापडाखाली पाहिलं. तिथे पेन्सिलीने काढलेली छोटी गोगलगाय.

गोगलगाय म्हणजे मी. साठ वर्षांपूर्वी ज्या कारखान्यात मी काम शिकले, तिथले उस्ताद मला गोगलगाय म्हणायचे, हात सावकाश म्हणून. मीही हट्टाने बांधलेल्या प्रत्येक पुस्तकात ती काढायचे. म्हणजे हे जुनं रजिस्टर एकोणिसाव्या वर्षी मीच नव्याने बांधलं होतं! आणि ते पान कोणत्या दिवशी चिकटलं हेही मी सांगू शकते, कारण जन्मात एकाच दिवशी मी कामात घाई केली. समोरच्या छापखान्यात खिळे जुळवणारा एक मुलगा कोपऱ्यावर उभा राहणार होता, आणि मला अर्धा तास आधी निघायचं होतं. तोच मुलगा पुढे या घराला पूर्वज बघून घेतलेलं घर म्हणाला.

स्वतःच्या पणजोबाला स्वतःच्या खळीने चिकटवून ठेवलं आणि नऊ वर्षं गावभर शोधत फिरले! मी जमिनीवर बसून हसले. मुलगा पान्हा हातात घेऊन धावत आला, त्याला वाटलं आईला झटका आला.

कलम ८. माझे खरे पणजोबा. पान एकशे बारा, शब्दशः उतरवते: "क्र. ३७ हा इसम सुईणीच्या घरासमोरील दिवा रोज वेळेच्या अर्धा तास आधी लावतो. तेल जादा जळते. ताकीद दिली." पुढच्या महिन्यात, "पुन्हा ताकीद दिली." पुढे, "विचारले असता म्हणतो, सुईणबाईंना कोणत्याही वेळी निघावे लागते, अंधारात पाय मुरगळेल." पाच ताकिदी. मग, "सबब कामावरून कमी केले. बिल्ला परत केला नाही. हरवला म्हणतो. खोटे बोलतो."

सुईण म्हणजे माझी पणजी. घर म्हणजे हीच गल्ली, खांब म्हणजे हाच बुंधा. आमची आजी नाक मुरडून सांगायची, "सासरे काही करत नसत, बायकोपुढे कंदील धरून चालायचे." घराण्याला त्याची लाज होती. मी त्यावर म्हणायचे, असेल, पदक मिळवल्यावर म्हातारपणी चालले असतील. कसलं पदक! नोकरी गेली, आणि दिवा काही विझवला नाही, हातात घेऊन चालत राहिले. पूर-बीर काही नाही, फक्त एका बाईचा पाय मुरगळू नये. मला हे पणजोबा पदकवाल्यापेक्षा शंभर पटीने आवडले. अर्धा तास आधी! हा आमचा खानदानी रोगच आहे.

कलम ९. पदक. पान एकशे तेरा: "क्र. ३७ वर नवीन इसम नेमला. जुना बिल्ला न मिळाल्याने दुसरा पाडला. राहण्यास त्याच गल्लीत वरच्या मजल्याची खोली दिली." पूर, चौसष्ट दिवे, पदक, सगळं या दुसऱ्या सदतीसचं. नावाडीही त्याचेच. गाईवालाही, होडीवाली विधवाही.

वरच्या मजल्याची खोली या गल्लीत एकच आहे.

मी उशीचा एक धडधाकट अभ्रा मुद्दाम उसवला आणि सतरा वर्षांत पहिल्यांदा जिना चढले. मास्तर म्हणाले, "वाट चुकलात?" मी अभ्रा पुढे केला. त्यांच्या कापायच्या टेबलावर कागदाचा नमुना पसरला होता, आणि तो उडू नये म्हणून वर पितळेची चकती ठेवली होती. ३७.

"हे काय हो?"

"ते? घरातल्या डब्यात होतं. वजनाला बरं."

मी उलटून पाहिलं. मागे कोरलेलं: दुसरा. मी "बरं बरं" म्हणाले, अभ्रा तिथेच टाकला आणि खाली आले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथे तर कळसा माझ्या डोक्यावर, एका छताच्या अंतरावर होता.

आणि मग दोन वर्षं मी गप्प बसले. हे या कागदातलं सगळ्यात वाईट वाक्य आहे. पदक काढून द्यायचं जिवावर आलं म्हणून नव्हे, म्हणजे तेही होतं; पण "तुमच्या मागे आहे कोण" म्हणणाऱ्या तोंडाने आता काय सांगू, याची लाज. म्हणून ठरवलं की मेल्यावर सांगावं. मेलेल्या माणसाला कोणी तोंडावर बोलत नाही.

तरी, माझ्या मृत्यूनंतर पदक, साडेनऊ मीटरची वंशावळ आणि अकरा फायली टेलरमास्तरांना द्याव्यात. सोबत माझी माफी द्यावी. ती भाचीने वाचून दाखवावी, मुलाने नको, तो रडेल.

पुरवणी. कलम नऊपर्यंतचा मजकूर आज दुपारी पक्का झाला. सहीसाठी दोन साक्षीदार ठरले होते: दप्तरखान्याचे साहेब आणि दाताचे डॉक्टर. साहेब वेळेवर आले. डॉक्टरांचा निरोप आला की एक पेशंट आ वासून पडला आहे, सोडून येता येत नाही. आमच्या चिरंजीवांना फार अक्कल. कोणाला न विचारता वर गेला आणि मास्तरांना घेऊन आला. "आई, सहीच तर करायचीय, हे करतील ना!"

भाची किंचाळली, "हे नाही चालणार! ज्याला काही मिळतंय तो साक्षीदार नाही होऊ शकत!"

मास्तर दारातच थांबले. टेप गळ्यात, बोटाला अंगुस्तान. "मिळतंय? मला? बाइंडरबाईंकडून?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "दोरी कापून देणार असाल."

माझी भाची कोर्टात कशी बोलते देव जाणे. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "बसा, मास्तर." ते बसले नाहीत. मग मीच उभी राहिले आणि कलम सहापासून नऊपर्यंत सगळं मोठ्याने वाचलं, "तुमच्या मागे आहे कोण" या वाक्यासकट. मुलगा कलम सातलाच रडायला लागला.

बिल्ला सदतीस म्हटल्यावर मास्तरांनी वर, आपल्या खोलीकडे पाहिलं, आणि "समारंभ संध्याकाळी होता, दिवे लावायच्या वेळी" या वाक्याला ते बसले.

"ते पुन्हा वाचा," म्हणाले.

मी वाचलं. "पुन्हा." चार वेळा वाचलं. साहेबांनी चष्मा पुसला आणि पुसतच राहिले.

मी कपाटातून वंशावळ काढली. दोन्ही खोल्या ओलांडून ती मोरीच्या दारापर्यंत गेली. मास्तर उठले, गळ्यातली टेप काढली, गुडघे टेकले आणि मोजायला लागले. नमुना मापतात तसे, दर मापाला खडूची खूण करत. होडीवाल्या विधवेपाशी थांबले. "ही कोण?" मी सांगितलं. "तीन वेळा दंड?" "तीन वेळा." "शाबास," म्हणाले आणि पुढे सरकले. मोरीच्या दाराशी पोचून वळून बघितलं. "नऊ मीटर बेचाळीस सेंटिमीटर. तुम्ही साडेनऊ लिहिलंय." मग आवाज बदलला. "एवढी सगळी माझी?"

"तुमची," मी म्हणाले. "नऊ वर्षं मी सांभाळली. चुकून. मला माफ करा, मास्तर."

त्यांनी टेप पुन्हा गळ्यात घातली. मग म्हणाले, "बाई, तुम्ही मेल्यावर मला हे मिळणार?"

"तसं लिहिलंय."

"नको. तुम्ही शंभर वर्षं जगाल, तुमचा काही भरवसा नाही. आमचं पदक एकदा शंभर वर्षं पडून राहिलंय. आत्ता द्या."

मी भिंतीवरची चौकट उतरवली, पदक काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, सदऱ्याच्या खिशावर धरून पाहिलं, आणि जसं ठेवायचं तसं ठेवलं: सुईदोरा काढून चार टाक्यांत शिवूनच टाकलं. मग वर जाऊन आपला बिल्ला घेऊन आले. मी आजीचा काढला. दोन सदतीस टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एकाने नोकरी गमावली, दुसऱ्याला ती मिळाली, आणि दोघांची भांडणं पणतवंडांनी केली.

भाची टेबलावर पेन आपटत होती. "मावशी! दिलंस ना आत्ता सगळं? मग कलम नऊ रद्द! यांना आता मृत्युपत्रातून काहीच मिळत नाही. म्हणजे हे साक्षीदार होऊ शकतात!" कोर्टात ती अशीच बोलत असेल तर हरत नसावी.

सबब, कलम ९ मधली देणगी मी रद्द करते, कारण ती पोचली. मजकूर वाचता येईल एवढीच रेघ मारली आहे. एकही पान, एकही ओळ कोणी चिकटवू नये. दोरी बुंध्याला बांधण्यास माझी हरकत नाही. सदरे पिळून घालावेत.

सही दिसावी म्हणून मास्तरांनी टेबलावरचा दिवा लावला. साहेब म्हणाले, "अजून उजेड आहे की." मी म्हणाले, "असू दे."

वरील सर्व मी वाचलं, मला समजलं, मला मान्य आहे, आणि मजाही आली.

सही: बाइंडरबाई, ऊर्फ गोगलगाय (डाव्या हाताचा अंगठा हवा असल्यास रजिस्टरच्या पान ११२ वर दिलेला आहे)

साक्षीदार क्र. १: दप्तरखान्याचे साहेब. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर पेनाने.

साक्षीदार क्र. २: टेलरमास्तर, वरचा मजला. हुद्दा विचारला असता त्यांनी स्वतःच्या सुरेख अक्षरात लिहिलं: क्र. ३७ चा पणतू.

स्थळ: सुईणीच्या घराची जागा, खांबाच्या बुंध्यासमोर.

दिनांक: चौदा, शनिवार. वेळ: दिवेलागणीला अर्धा तास बाकी. दिवा लावलेला आहे.